मडमेच्या कादंबरीतली ठमाबाई: चौकपासून दहिवलीपर्यंत

खरं सांगते, मी फक्त फोटो काढायला निघाले होते. पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी एक डोंगर, एक जुना बंगला, जमलं तर भाताची खाचरं, एवढंच. शुक्रवारी सकाळी निघायचं, कर्जतला एक मुक्काम, शनिवारी जेवायला घरी. सोमवारी पुस्तक छापखान्यात जाणार होतं आणि प्रकाशकांना गुरुवारी संध्याकाळी जाग आली. "मॅडम, कव्हरला काहीच नाहीये हो आपल्याकडे."

या ब्लॉगच्या जुन्या वाचकांना माहीत आहे, गेली दोन वर्षं मी एका परदेशी बाईंच्या कादंबरीचा अनुवाद करत होते. नव्यांसाठी थोडक्यात सांगते. या बाई एका मिशनऱ्याची बायको म्हणून इकडे आल्या. स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांनी खालापूर तालुक्यातल्या एका डोंगराखालच्या गावात राहिल्या, परत गेल्या आणि उरलेला जन्म तिथे बसून इथल्या गोष्टी लिहीत राहिल्या. त्यांच्या प्रत्येक कादंबरीत एक मिशनचा बंगला असतो आणि घरच्या आठवणीनं कासावीस झालेली एक तरुण बाई असते. मी हातात घेतलेली कादंबरी त्यांची सगळ्यात गाजलेली. लेखिकेचं आणि पुस्तकाचं नाव मी इथे देणार नाही. का, ते वाचता वाचता कळेलच.

सातव्या प्रकरणाबद्दल मात्र आधीच सांगायला हवं. त्यात ठमाबाई नावाची गावची सुईण आहे. ती बंगल्यावर कामाला असते, मडमेचं बाळंतपणही तीच करते. आणि एके दिवशी तिन्हीसांजेला मडमेला जाग येते तर ही बाई तान्ह्या मुलाच्या पाळण्याशी कोयता घेऊन उभी. मडम किंचाळते, मूल वाचतं, ठमाबाईला हाकलून देतात. अख्ख्या कादंबरीचा कणा म्हणजे हे प्रकरण. प्रस्तावनेत बाईंनी लिहिलंय की बाकीची सगळी नावं बदलली, ठमाबाईचं तेवढं मुद्दाम बदललं नाही. पाळण्यातलं ते मूल म्हणजे बाईंचा मुलगा. आज सत्तरी ओलांडलेले गृहस्थ आहेत आणि आईच्या पुस्तकांचे सगळे हक्क त्यांच्याकडे आहेत. मला परवानगी देताना त्यांनी एकच अट घातली होती: एक शब्द गाळायचा नाही, एक शब्द वाढवायचा नाही. मी नाचत सही केली होती.

बरोबर होत्या आमच्या नणंदबाई, सुलभावन्सं. सरकारी दवाखान्यात जन्मभर बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होत्या, आता निवृत्त. गाडी त्या चालवतात, तोंड मी चालवते, अशी आमची वाटणी आहे. पुण्याहून साडेसहाला निघालो. लोणावळ्याच्या पुढे घाटात ट्रकवाल्यांनी नेहमीप्रमाणे तिन्ही रांगा अडवलेल्या. शुक्रवारी निघालात तर हे सोसा, शनिवारी निघालात तर याच्या दुप्पट सोसा. खालापूर टोलनाक्याशी द्रुतगती मार्ग सोडायचा आणि जुन्या महामार्गानं चौक हे गाव गाठायचं. अंतर फार नाही, पण रसायनीकडे जाणारे टँकर पुढे असले की ओव्हरटेक करायच्या भानगडीत पडू नका. वन्सं पडल्या आणि मी दोन मिनिटं डोळे मिटून घेतले.

चौकच्या पुढे आत वळलं की एका बाजूला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या बाजूला इर्शाळगडाचं टोक, आणि मधल्या खाचरांत भात काढल्यावर पेरलेला वाल. जानेवारीचा महिना, हवा छान, उन्हाला अजून धार नव्हती. कादंबरीत बाईंनी याच डोंगराचं सात पानं वर्णन केलंय आणि ते खोटं नाही. मी वन्संना गाडी थांबवायला लावून चार फोटो काढले. मुखपृष्ठ झालं, असं मनात म्हटलंसुद्धा.

बंगला सापडला, पण सापडला म्हणण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या जागेला आता एका फार्महाऊसची भिंत आहे, फाटकावर राखणदार आहे आणि तो आत सोडत नाही. भिंतीवरून डोकावलं तर जुन्या जोत्याचे दगड आणि एक विहीर दिसते. विहिरीत निळ्या नळ्या सोडल्यात. तेवढा फोटो घेतला आणि समोरच्या टपरीवर चहाला बसलो. टपरीवाले साठीचे असतील. बोलके वाटले म्हणून मी सहज विचारलं.

"काका, इथं पूर्वी ठमाबाई म्हणून एक सुईण होती ना?"

त्यांचा ओतता हात थांबला. "तुमाला कोनी सांगतलं?"

"पुस्तकात वाचलं. तिच्याबद्दल लिहिलंय."

टपरीच्या मागेच त्यांचं घर. दारात त्यांची सून उभी होती, खांद्यावर दोन-तीन महिन्यांचं मूल. ते तिच्याकडे वळून म्हणाले, "तू आत जा गं." ती गेली. मग आवाज खाली आणून मला म्हणाले, "ताई, तिचं नाव इथं नका काढू. लेकुरवाली बाय हाय घरात."

"म्हणजे? असं काय केलं होतं तिनं?"

"ते मी नाय बोलनार. तिची लेक हाय दैवलीला, हौसाबाय. कर्जतवरून पूल उतारला की कोनालाबी इचारा. तिचा पोरगा जनार्दन, साजगावला कंपनीत हाय." त्यांनी मोबाइल काढून नंबर मात्र दिला. चहाचे पैसे घेताना नजर वर केली नाही.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आणि सांगायला लाज वाटते, पण तो आनंदाचा होता. सत्तर वर्षांनंतरही त्या गावात बाळंतिणीसमोर तिचं नाव काढत नाहीत, म्हणजे बाईंनी लिहिलं ते खरं होतं. तान्ह्या मुलावर कोयता उगारणारी सुईण खरोखर होऊन गेली होती आणि तिची मुलगी जिवंत होती. माझ्या डोक्यात या लेखाचं शीर्षकसुद्धा तयार झालं. ते तुम्हाला कधीच सांगणार नाही.

गाडीत बसल्यावर वन्संनी चावी फिरवली नाही. "तू तिथे जाणार आहेस?"

"जायला नको? माझं पुस्तक आहे."

"पुस्तक तुझं असेल. आई त्यांची आहे," त्या म्हणाल्या. "आणि तू त्यांना जाऊन काय सांगणार? तुमची आई खुनी होती, सोमवारी छापून येतंय, एक फोटो द्या?"

मी चिडले. छापून येणारच आहे तर घरच्यांना आधी सांगणं हेच सभ्यपणाचं, असं काहीतरी बोलले. खरं म्हणजे मला त्या म्हातारीला बघायचं होतं. मी फोन लावला. जनार्दन कामावर होते, मागे यंत्रांचा आवाज येत होता. मी म्हटलं, तुमच्या आजीबद्दल एका परदेशी लेखिकेनं पुस्तकात लिहिलंय, ते आता मराठीत येतंय, भेटायचं होतं. ते यंत्रांपासून बाजूला आले. मग म्हणाले, "या ना ताई. चारला येतो मी घरी. आयला आताच सांगतो." आवाजात इतका आनंद होता की काय लिहिलंय ते सांगायचा मला धीर झाला नाही. चूक तिथेच झाली. फोनवर सांगायला हवं होतं.

चौक ते कर्जत हा रस्ता या सहलीतला सगळ्यात देखणा भाग आहे म्हणतात. मला त्यातलं काहीही आठवत नाही. कर्जत स्टेशनजवळ वडापाव खाल्ला, तो मात्र खाच, चटणी झणझणीत असते. मुक्काम दहिवलीच्या, म्हणजे टपरीवाल्यांच्या दैवलीच्या, अलीकडे उल्हास नदीच्या बाजूला एका घरगुती ठिकाणी केला होता. खोली स्वच्छ, दोघींचे जेवणासकट अडीच हजार, आधी फोन केलात तर वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी करून देतात. त्या दिवसांत पोपटीही मिळते, मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा. आमच्यासाठी त्यांनी मांडायला घेतली होती. आम्ही नको म्हणालो.

साडेचारला जनार्दन यांच्या घरी पोचलो. दुमजली सिमेंटचं घर, वरचा मजला भाड्यानं दिलेला, खाली पडवीत शाळेतल्यासारख्या ओळीनं मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. पंचावन्नच्या आसपासचे जनार्दन कंपनीचा शर्ट बदलून इस्त्रीचा घालून उभे होते. पत्नीनं पेढ्यांची बशी पुढे केली. मी पेढा हातात धरून ठेवला, तोंडात घातला नाही.

"आजीचं नाव पुस्तकात आलं म्हंजी आमच्यासाठी लई मोठी गोष्ट हाय," जनार्दन म्हणाले. "गावानं तिला काय वागवलं ते आमाला ठावं. तुमचा फोन आला तवापासनं आयनं भाकर खाल्ली नाय. म्हनती, पयले ऐकते."

हौसाबाई भिंतीला टेकून खाली चटईवर बसल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या, अंगानं किरकोळ, पण नजर एकदम स्थिर. त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. "काय लिवलंय गं माज्या आयचं? वाच."

पिशवीत पुस्तकाच्या प्रुफांचा गठ्ठा होता. मी तिसरं प्रकरण काढलं, डोंगराचं वर्णन, बंगल्याच्या पायऱ्या, विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका. एक पान वाचलं. दुसरं वाचलं. वन्सं माझ्याकडे बघत होत्या, मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते.

"ह्ये डोंगर आमी रोज बघतो," हौसाबाई म्हणाल्या. "माज्या आयचं वाच."

तेव्हा मी सातवं प्रकरण काढलं. तिन्हीसांजेची वेळ, साहेब फिरतीवर, बाळंतीण मडम अंगात ताप असताना पलंगावर झोपलेली. तिला जाग येते. पाळण्याशी ठमाबाई उभी. "तिच्या हातात लखलखता कोयता होता आणि तिचे ओठ कसलातरी अघोरी मंत्र पुटपुटत होते." हे वाक्य वाचताना माझी जीभ अडखळली. मूळ पुस्तकात नुसतं 'वाकडं पातं' आहे. 'लखलखता' माझं आहे. 'अघोरी'सुद्धा माझं आहे. एक शब्द वाढवायचा नाही असं लिहून दिलेल्या मी, प्रसंग खुलावा म्हणून दोन शब्द वाढवले होते. त्या पडवीत पहिल्यांदा ते माझ्या कानांना ऐकू आले.

जनार्दन उठले आणि त्यांनी पडवीचं दार लावून घेतलं. मग माझ्या हातातली पानं ओढून घेतली. "ह्ये छापनार तुमी?"

"सोमवारी," मी म्हणाले.

"नावासकट? गावासकट?"

"मूळ पुस्तकात नाव आहे. मला बदलता येत नाही."

"मंग पेढं कशाला घेताव आमचं?" ते ओरडले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "मला फोनवर बोल्लात, आजीबद्दल लिवलंय. मी कंपनीत चार मानसांना सांगतलं. आता त्यांना काय सांगू, माजी आजी पोरं कापायची?" त्यांची पत्नी पेढ्यांची बशी उचलून आत गेली.

"जनू," हौसाबाई म्हणाल्या, "कागुद तिला दे. पुरं वाचू दे."

"आय, काय ऐकायचं ऱ्हायलंय त्यात?"

"दे म्हनते ना रं."

त्यांनी पानं माझ्या मांडीवर टाकली. मी वाचत राहिले, आवाज माझा मलाच परका वाटत होता. मडम किंचाळते, मूल उचलून घेते. पाळण्याशेजारी जमिनीवर ठमाबाईनं मसाला वाटायचा दगड आणून ठेवलेला असतो, मूठभर तांदूळ सांडलेले असतात, आणि मडमेच्या लिहिण्याच्या टेबलावरून चोरलेला एक कोरा कागद आणि टाक. चोरी कशासाठी, ते लेखिकेला कळत नाही. खोटं पत्र लिहिण्यासाठी असेल, असं ती म्हणते. ती तो कागद टराटरा फाडते.

"थांब," हौसाबाई म्हणाल्या. "परत वाच. खाली काय काय व्हतं?"

"दगड. तांदूळ. कागद. टाक. आणि हातात कोयता."

वन्संनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. "बाळ किती दिवसांचं होतं?"

मी पान उलटलं. दोन वर्षांत हा आकडा किमान दहा वेळा माझ्या डोळ्यांखालून गेला असेल. "पाच दिवसांचं."

"मूर्ख आहेस तू," वन्सं मला म्हणाल्या, त्या घरात, सगळ्यांसमोर. "आपला निनाद झाला तेव्हा पाटा-वरवंटा मी मांडला होता. विळा मी ठेवला होता, कोरा कागद मी ठेवला होता. तू कॉटवर पडून मासिक वाचत होतीस. अगं, पाचवी आहे ती."

हौसाबाईंनी मान डोलावली आणि डोळ्याला पदर लावला. मूल जन्मल्यावर पाचव्या दिवशी सटवाई येते आणि त्याचं नशीब लिहून जाते, म्हणून तिची पूजा मांडतात, लिहायला कोरा कागद ठेवतात, मुलाला काही बाधू नये म्हणून उशाशी लोखंडी पातं ठेवतात. हे मला माहीत होतं हो. माझ्या स्वतःच्या मुलाचं झालं होतं. पण मिशनच्या बंगल्यात, इंग्रजी वाक्यात ते आलं, आणि मला फक्त खून दिसला.

"आय समद्या पोरांची पाचवी करायची," हौसाबाई सांगू लागल्या. "जे पोर तिच्या हातावर आलं त्याची पाचवी तिनंच मांडायची, मंग ते कोनाचंबी आसो. मडमेला मराठी येत नव्हतं, साहेब गावी नाय. तिला वाटलं, बाय झोपलीय तवर उरकून घेऊ. कोयता उशाशी ठेवाया उचलला आन बाय जागी झाली."

"आणि कागद?" मी विचारलं.

"आमच्या घरात कागुद कुठला गं? आन मडमेच्या लेकराचं नशीब लिवायचं, त्याला कागुद मडमेचाच नको?"

जनार्दन दाराला टेकून उभे होते. त्यांना ही गोष्ट पाठ असणार, तरी त्यांनी तोंड फिरवून घेतलं.

मी विचारलं, मग गावातल्या कोणी मडमेला का नाही समजावलं? गावाला तर सगळं कळलं असेल. हौसाबाई म्हणाल्या, गावाला त्याच दिवशी कळलं होतं. ठमाबाईला खुनी कोणीच म्हटलं नाही. पण पाचवी अर्धवट मोडली होती, कागद फाटला होता, सटवाई आल्या पावली परत गेली होती. ज्या सुईणीच्या हातून पाचवी मोडली तिला पुढे कोण बोलावणार? साहेबाच्या डोळ्यात ती खुनी, गावाच्या डोळ्यात अपशकुनी. त्यानंतर तिनं एकाही बाळंतिणीला हात लावला नाही, लावू दिला नाही. महिन्याभरात मडम आणि साहेब देश सोडून गेले. ठमाबाई पोरीला घेऊन इकडे दहिवलीला भावाकडे आली आणि मरेपर्यंत लोकांच्या वावरात राबली. टपरीवाल्यांनी सुनेला आत का पाठवलं, ते मला आता कळलं.

"नाव काढून टाका," जनार्दन म्हणाले. "बाकी काय छापायचं ते छापा."

"नाव काढायचं नाय," हौसाबाई एकदम म्हणाल्या. "नाव काढलं तर ती कोन ऱ्हायली? मडमेनं जे बघितलं ते लिवलं. तू त्याच्या खाली लिव. पाचवी व्हती म्हून लिव."

मी म्हटलं, त्यासाठी मालकांची परवानगी लागेल. जनार्दननी विचारलं, कोण मालक. मी म्हटलं, परदेशात असतात, पुस्तकाचे हक्क त्यांच्याकडे आहेत. एवढंच म्हटलं. हक्कदार, करार, अट असले शब्द मी त्या पडवीत किती वेळा उच्चारले असतील याची गणती नाही.

"परवानगी नाय मिळाली तर?" जनार्दन म्हणाले. मी पानं पिशवीत भरू लागले. त्यांनी माझा पत्ता लिहून घेतला, दोनदा वाचून खात्री करून घेतली. निघताना हौसाबाईंनी माझा हात धरला. काहीतरी विचारायचं होतं त्यांना. तोंड उघडलं, मग म्हणाल्या, "ऱ्हाऊं दे. जा तुमी, अंधार व्हईल."

शनिवारी सकाळी पळसदरीवरून खोपोलीला आलो. हा रस्ता चांगला आहे, वाहनं कमी, डाव्या हाताला डोंगर साथीला. साजगावच्या कंपन्यांसमोर पाळी सुटलेली माणसं मोटारसायकली काढत होती. जनार्दन दिसतील म्हणून मी खिडकीतून मान आत घेतली. घाट चढल्यावर खंडाळ्याला वन्सं म्हणाल्या, "मी पस्तीस वर्षं वॉर्डात काढली. पोरींच्या उशांखालून किती विळे, किती कात्र्या काढून ठेवल्या असतील. इथे चालत नाही म्हणायचे आणि काढायचे. एकदाही कुणाला खुनी म्हणावंसं नाही वाटलं." मी म्हटलं, पुरे आता. त्या म्हणाल्या, पुरे कसं?

घरी येऊन मी आधी 'लखलखता' आणि 'अघोरी' खोडले. मग लेखिकेच्या मुलाला ईमेलनं सविस्तर पत्र लिहिलं. पाचवी म्हणजे काय, कोयता कशासाठी, कागद कशासाठी, ठमाबाईचं पुढे काय झालं. मागितलं एकच: सातव्या प्रकरणाच्या त्या पानाखाली तीन ओळींची टीप. रविवारी रात्री झोप लागली नाही. सोमवारी सकाळी उत्तर आलं. अतिशय सभ्य. तुमच्या कष्टांबद्दल आदर आहे. पण माझ्या आईनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं ते लिहिलं. इतक्या वर्षांनी कुणाच्या आठवणीवरून तिच्या पानाखाली ती चुकली असं मी छापू देणार नाही. करार आहे तसाच राहील.

दहा वाजता मी प्रकाशकांना फोन करून पुस्तक थांबवलं. ते आधी हसले, मग ओरडले, मग काकुळतीला आले. "मॅडम, दोन वर्षं गेली हो तुमची." गेली. मी रडलेसुद्धा, खोटं कशाला बोलू. ती कादंबरी उत्तम आहे. त्यातल्या घरच्या आठवणीनं व्याकूळ झालेल्या त्या पोरीवर माझं अजूनही प्रेम आहे, पाच दिवसांच्या बाळंतपणात परक्या मुलखात, भाषा येत नाही, नवरा गावी नाही, तिनं दुसरं काय समजायचं होतं? पण टिपेशिवाय तो मजकूर मराठीत माझ्या हातून जाणार नाही. म्हणून इथे त्यांचं नाव नाही आणि ठमाबाईंचं आहे. ते लिहायची परवानगी मी मागून घेतली.

ती मागायला आणि पुस्तक निघत नाही हे सांगायला मी त्याच दुपारी दहिवलीला फोन केला. जनार्दन म्हणाले, "छापत नाय ना? बास. इषय संपला." आवाजात आनंद नव्हता, रागही नव्हता. आजीचं नाव ब्लॉगवर लिहू का म्हणून विचारलं, तर म्हणाले, ते आयला इचारा. हौसाबाई फोनवर आल्या. लिव म्हणाल्या. पण फोन ठेवला नाही.

"त्या दिवशी इचारनार व्हते," त्या म्हणाल्या. "धीर नाय झाला. ते मडमेचं पोर... ते जगलं का गं?"

अख्खी संध्याकाळ मी त्यांच्या घरी बसले होते. हक्कदार म्हणाले, मालक म्हणाले, आणि हे सांगितलंच नव्हतं.

"जगलं," मी म्हणाले. "सत्तरी उलटलीय त्यांची. मुलंबाळं आहेत, नातवंडं आहेत. पुस्तकाचे मालक तेच आहेत, हौसाबाई. टीप नको म्हणाले ते तेच."

त्यांनी फोन तोंडापासून लांब नेला. "जनू, जगलं रं ते," असं लांबून ऐकू आलं. मग परत जवळ आल्या. "नको म्हनला? म्हननारच. त्यानं त्याच्या आयची बाजू घेतली, मी माज्या आयची घेतली. त्याला काय बोलू नको तू."

"बरं," मी म्हणाले.

"माजी आय मरस्तवर ह्येच बोलत व्हती. मडमेनं कागुद फाडला, सटवाई तशीच परत गेली, माज्यापायी त्या पोराचं नशीब लिवायचं ऱ्हायलं. काय झालं आसंल त्याचं, जगलं आसंल का." त्यांनी पुन्हा विचारलं. "नातवंडं हायत म्हनतेस ना? मंग लिवलं गेलं व्हतं गं. आय उगीच झुरली."